शेवटचा बल्ब

नागपूरच्या इतवारीतल्या आपल्या साड्यांच्या दुकानातले सगळे बल्ब भैयाजींनी एका सकाळी स्वतः खुर्चीवर चढून बदलले. वीजबिल वाचवायला समोरच्या दुकानातल्या वसंतरावांनी कमी वॅटचे बल्ब लावले की भैयाजी त्याहून कमी वॅटचे आणायचे, मग पुन्हा वसंतराव. आता एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा, असं भैयाजींनी ठरवलं होतं. आणि भैयाजींनी ठरवलं म्हणजे ठरवलं!

खूळ डोक्यात घातलं होतं लेकीनंच. चिन्मयी कॉलेजात फिजिक्स शिकवते. ती म्हणाली होती, "बाबा, एलईडी किती सुधरंल यालेही हद्द हाय. त्याच्या पुढं जायचं तर रंग सोडा लागतात. डोळ्याले हिरवा उजेड सगळ्यात जास्त दिसते ना!"

भैयाजींनी त्यातली 'हद्द' तेवढी उचलली आणि थेट बल्बवाल्याला गाठलं. "ज्याच्या पुढं वसंत्या जाऊच शकत नाही, तो दे."

"तो गोदामासाठी हाय, भैयाजी. वॅट सगळ्यात कमी, उजेड भक्कम, पण हिरवट."

"उजेड म्हंजे उजेड! बांध."

दुपारी चंद्रकलाबाई लग्नाचा बस्ता घ्यायला आल्या. सोबत नवरी मुलगी सोनिका आणि मोठ्या जाऊबाई कुसुमताई. पिढीजात गिऱ्हाईक! हा बस्ता समोर गेला असता, तर भैयाजींना इतवारीत तोंड दाखवायला जागा उरली नसती.

त्यांनी ऐटीत शालू पसरला.

"हा तर कत्थई हाय," सोनिका म्हणाली.

"लाल हाय वं पोरी! कुंकवासारखा!"

"मंग आईचं कुंकू काहून काळं दिसून राहिलं?"

हळदीची पिवळी साडी काढली, ती पोपटी निघाली. तेवढ्यात चंद्रकलाबाईंची नजर जाऊबाईंच्या चेहऱ्यावर गेली.

"अगं माय वं! ताई, तुम्हाले कावीळ झाली!"

कुसुमताई मटकन गादीवर बसल्या. "मले सकाळपासून कसंतरीच होऊन राहिलं होतं," त्या पुटपुटल्या.

"आधी दवाखाना," चंद्रकलाबाई उठल्या, "मंग बस्ता वसंतरावकडं पाहू."

भैयाजींचा हात खुर्चीकडे गेला. पण बल्ब काढायचे? समोरून वसंत्या पाहत असताना? जीव गेला तरी नाही!

"कोणी कुठं जायचं नाही!" ते गरजले. शालू खांद्यावर टाकून ते सरळ रस्त्यावर आले. "या, उन्हात पाहा!"

मे महिन्यातलं नागपूरचं ऊन ते! शालू लालभडक झाला. कुसुमताईंची कावीळ उंबऱ्यातच उतरली. "मी बरी हाय?" त्यांनी जावेला तीनदा विचारलं.

मग भैयाजींनी मागं पाहिलं नाही. डोक्याला दुपट्टा, ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा, आणि गाद्या ओढून रस्त्यावर. साड्या उलगडल्या तशा हातगाड्या थांबल्या, बाया जमल्या, वसंतरावांकडची गिऱ्हाइकंही पायऱ्या उतरून आली. बस्ता भर रस्त्यात बांधला गेला.

संध्याकाळी दिवे बंद करून, घामानं निथळत भैयाजी पहिला बल्ब उतरवत होते, तर दारात वसंतराव.

"मानलं बा तुमाले! काय गर्दी होती! कोणते बल्ब लावले, सांगा तरी."

कॉलेजला सुट्टी म्हणून खुर्ची धरायला आलेल्या चिन्मयीनं तोंड उघडलं. भैयाजींनी डोळे वटारले.

"वसंतराव, याच्या पुढं विज्ञानही जात नाही. आपलं भांडण मिटलं. सारे घेऊन जा."

"सारे? अन् तुमाले?"

"मी जुनेच लावतो गा. आपल्या माणसासाठी एवढं करा लागते. खुर्चीबी न्या, चढायले."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडून भैयाजी पान लावत बसले. समोरून एक बाई किंचाळली, "अगं माय वं, कावीळ!"

भैयाजींनी पान तोंडात टाकलं, दुपट्टा बांधला आणि गादीचं एक टोक धरलं.

"चिन्मयी, दुसरं टोक धर. गिऱ्हाईक येऊन राहिलं."