किसनजींची हिरवी पूड

आमच्या शेजारचे किसनजी दलाल माझ्या दुकानात यायचे ते नाक वर करून. राम राम नाही, तब्येतीची विचारपूस नाही. उंबऱ्यात उभं राहून दोनदा हुंगायचे आणि विचारायचे, "वामनभाऊ, हिंगाचा डबा उघडला काय?"

आता माझं किराण्याचं दुकान. हिंग विकायचा नाही तर काय रुद्राक्ष विकायचे? पण आमच्या दोघांच्या घरांत भिंत एकच, आणि त्या भिंतीपलीकडे किसनजींची हिरव्या चहाची पूड होती.

चहा हा प्रकारच तेव्हा अमरावतीत फारसा कोणाला ठाऊक नव्हता. पण अमेरिकेत लढाई पेटली, तिकडचा कापूस अडकला आणि आमच्या वऱ्हाडातल्या बोंडांना सोन्याचा भाव आला. मुंबईचे व्यापारी बाजारात ठाण मांडून बसले. त्यांतल्या एकाची जहाजं चीनला जायची. किसनजींनी त्याला कापसाचा एक सौदा जमवून दिला, तेव्हा खूश होऊन त्याने कथलाचा लहानसा डबा हातावर ठेवला. आत मेंदीसारखी हिरवीगार पूड. किसनजींच्या बायकोने, म्हणजे गोदावहिनींनी, ती गरम पाण्यात घुसळून प्यायली, तोंड वाकडं केलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मागितली.

त्याच हंगामात भाव इतके चढले की लोक गाद्या उसवून आतला जुना कापूस विकायला लागले. किसनजींनीही एक गादी विकली. ती नेमकी वहिनींच्या आईने लग्नात दिलेली, आणि विकली तीही न विचारता. वहिनी भावाकडे अकोल्याला निघाल्या. गाडीत बसताना म्हणाल्या, ते साऱ्या गल्लीने ऐकलं.

"ती पूड शिळी व्हायच्या आत मले न्याले या. शिळी झाल्यावर यायचं नाही!"

दुसरा कोणी असता तर आठवड्याच्या आत बैल जुंपून निघाला असता. किसनजींनी पूड ताजी ठेवायला घेतली.

"हवा, उजेड, ओल अन् वास. चार चोर हायेत, वामनभाऊ," ते मला समजावायचे. डबा बरणीत, बरणीच्या तोंडाला मेणकापड, भोवती पिंजलेला कापूस आणि हे सगळं लाकडी पेटीत. उन्हाळ्यात पेटी अंधाऱ्या खोलीत जमिनीलगत. पावसाळ्यात भिंतींना ओल येते म्हणून आढ्याला टांगलेली. त्या खोलीत कोणी दिवा घेऊन गेलं की हे ओरडायचे, "उजेड बाहेर ठेवा!"

डबा उघडून पाहायची सोय नव्हती, कारण हवा लागेल. मग पूड ताजी आहे हे कळायचं कसं? किसनजी पेटी हुंगायचे. "वास येत नाही, म्हंजे आतला आतच हाय. ताजी हाय. ताजी हाय तं मंग झालं!"

हे "ताजी हाय तं मंग झालं" दिवसातून किती वेळा ऐकावं माणसाने! एकदा मी वैतागलो. "अहो किसनजी, मंग अकोल्याले काहून जात नाही तुमी?"

"जातो ना. पूड ताजी हाय अजून, घाई काय?" असं म्हणून ते उंबऱ्यावर टेकले. मग हळूच म्हणाले, "अन् गेलो, अन् ती नाही म्हणली तं? पूड ताजी हाय तंवर नाही तं म्हणत नाही ना ती."

मला हसू आलं, पण त्या दिवशी मी हिंगाचा डबा दुकानाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवला.

मग एका वर्षी किसनजींना नवी युक्ती सुचली. परसातल्या कोठीत सरकीचा ढीग होता, त्यात त्यांनी पेटी खोल पुरली. ना उजेड, ना हवा. स्वारी खूश. पुढे अवकाळी पाऊस आला, कोठी गळली आणि सरकी भिजली. ओली सरकी आतून तापते हे वऱ्हाडात कोणाला सांगावं लागत नाही. स्वतः किसनजी बाजारात दुसऱ्याच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून सांगायचे, "गरम हाय, परत न्या." पण स्वतःच्या ढिगात हात कोण घालतो?

यावेळी त्यांच्या उंबऱ्यात उभा राहून मी हुंगलं. आंबूस वास येत होता. दोघांनी मिळून सरकी उपसली, तर पेटी नुकती चुलीवरून उतरवल्यासारखी. किसनजींनी डबा उघडला. पुडीचे गोळे झाले होते आणि रंग वाळल्या कडब्याचा.

"संपलं, वामनभाऊ," ते तिथेच सरकीत बसले.

मला भयंकर राग आला. "संपलं काय संपलं? आता राखाले काही राह्यलं नाही, तं भेवाले तरी काय राह्यलं? जुंपा बैल!"

किसनजींनी अंगाला लागलेली सरकी झटकली. मग उठले आणि थेट पिंजाऱ्याकडे गेले. विकायला ठेवलेला सगळ्यात उंची कापूस पिंजून घेतला, नवी गादी भरून घेतली आणि गाडीवर घातली. एकट्याने जायची हिंमत नव्हती, म्हणून मलाही बसवलं. साऱ्या वाटेत डबा मांडीवर होता, झाकण उघडंच.

अकोल्यात दार वहिनींनीच उघडलं. किसनजींनी गादीचं नावही काढलं नाही. डबा पुढे केला. "शिळी झाली. सरकी तापली."

"दलालाची सरकी तापली?" वहिनींनी पदर तोंडाला लावला. मग त्यांची नजर गाडीवर गेली. त्या खाली उतरल्या, गादी हाताने दाबून पाहिली आणि थोडा वेळ हात तिथेच ठेवला. परत येऊन त्यांनी डबा हुंगला. "याले तं हिंगाचा वास येऊन राह्यला."

"सांगत नव्हतो मी?" किसनजी माझ्यावर उखडले.

"उशीर केला तुमी," वहिनी म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. "बसा. पाणी ठेवते."

तो चहा मीही प्यायलो. बैलांची ढेप पाण्यात कालवून दिल्यासारखा लागला. वहिनींनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

वहिनींनी वाटी पुन्हा पुढे केली. "ताजी हाय," त्या म्हणाल्या.

किसनजी वाटी भरायला लागले, ती काठाबाहेर सांडली तरी थांबेनात. शेवटी मीच म्हटलं, "ताजी हाय तं मंग झालं!"