तत्त्वज्ञांच्या नावाचं पाळणाघर

पाळणाघराच्या फाटकाला कुलूप होतं आणि कुलपाच्या वर कागद. 'सदर पाळणाघर ज्या थोर तत्त्वज्ञांच्या नावे चालते, त्यांचे विचार व चारित्र्य चौकशीखाली असल्याने, निर्णय होईपर्यंत बालकांना अन्यत्र ठेवावे.' अन्यत्र म्हणजे कुठे, ते लिहिलेलं नव्हतं. ती कागदासमोर उभी राहिली. कडेवर लेक ठकी, खांद्याला दुधाची बाटली आणि झबली कोंबलेली पिशवी. छापखान्यात मुद्रितं तपासायला बसायची वेळ केव्हाच टळून गेली होती.

"तत्त्वज्ञ वारले त्याला दोनशे वर्षं झाली ना हो, मावशी?"

पाळणाघराच्या मावशी फाटकाच्या आत होत्या. कुलूप बाहेरून घातल्यामुळे त्याही चौकशीत सापडल्यासारख्या दिसत होत्या.

"झाली तर झाली. त्यांनी म्हणे लिहून ठेवलंय, मूल हा विचाराचा शत्रू आहे. कुणा जागरूक गृहस्थांनी दिनदर्शिकेच्या पानावर वाचलं न् दिला अर्ज ठोकून. आता शत्रू म्हणणाऱ्याच्या नावानं पाळणाघर कसं चालवायचं, सांग."

छापखान्याचे साहेब भले होते. त्यांनी ठकीला टेबलाखाली बसू दिलं. टेबलाखाली ठकीने एका मंत्र्यांचं भाषण चघळलं. त्यातला नेमका कुठला भाग गेला, ते भाषण छापून झाल्यावरही कुणाच्या ध्यानात आलं नाही. पण शिस्त ती शिस्त.

"पुढच्या आठवड्यापासून," साहेब म्हणाले, "एक तर तुम्ही कामावर या, नाहीतर हिला पाठवा. दोघी नकोत."

हिला पाठवून पगार मिळाला असता तर तिची तयारी होती. तसं काही साहेबांच्या मनात दिसेना, तेव्हा ती थेट ही चौकशी चालवणाऱ्या 'दिवंगत विचारवंत न्याय्य मूल्यमापन समिती'च्या दारात जाऊन उभी राहिली.

समितीचे अध्यक्ष पूर्वी पाणीपुरवठा खात्यात होते आणि निःपक्षपातीपणाबद्दल त्यांचा लौकिक होता.

"मी तत्त्वज्ञांचं एक पानही वाचलेलं नाही," ते म्हणाले. "वाचलं की मत बनतं. मत बनलं की न्याय संपला."

शेजारच्या सदस्यांनी मान डोलावली. ते तर दिनदर्शिकाही न वाचता आले होते.

आरोपीला बाजू मांडायची संधी द्यायलाच हवी, म्हणून समितीने तत्त्वज्ञांच्या शेवटच्या ज्ञात पत्त्यावर नोटीस धाडली होती. तिथे आता चाव्या बनवायचं दुकान होतं. चावीवाल्याने 'साहेब बाहेर गेलेत' म्हणून नोटीस परत पाठवली. तत्त्वज्ञ सुनावणीला फिरकले नाहीत, तेव्हा 'स्वभाव उद्धट' अशी नोंद झाली.

"मी बोलते त्यांच्या वतीने," ती म्हणाली.

"तुमचं त्यांच्याशी नातं?"

"त्यांना मुलगी होती. मला आहे."

नियमांत याला हरकत सापडली नाही. पुढची तारीख मिळाली.

ग्रंथालयातून तिने तत्त्वज्ञांचा जाडजूड ग्रंथ आणला. ठकीला भरवताना वाचला, झोपवताना वाचला, ठकी झोपल्याचं सोंग करत असतानाही वाचला. शेवटी ते वाक्य सापडलं. पण ते एकटं नव्हतं.

'मूल हा विचाराचा शत्रू आहे. सकाळपासून लिहायला बसतो आहे. दर वेळी हिने टाक ओढला. आता मांडीवर झोपली आहे. पायाला मुंग्या आल्या, शाई वाळली, आणि एक फार मोठा विचार दाराशी येऊन उभा आहे. राहू दे उभा. हिला उठवायचं नाही.'

प्रकरण तिथेच संपलं होतं. तो मोठा विचार पुढे कुठेच आला नाही. तिने ठकीच्या लाळेऱ्याने डोळे पुसले.

पण मुद्रितं तपासणाऱ्या माणसाला अर्ध्यावर थांबता येत नाही. ती पुढे वाचत गेली. अख्ख्या ग्रंथात तत्त्वज्ञांची बायको एकदाच आली होती, तीही भांडी आपटून चिंतनात व्यत्यय आणण्यापुरती. तिने पुसलेले डोळे वटारले.

सुनावणीत तिने दोन्ही सांगितलं.

"म्हणजे चांगले होते?" अध्यक्षांनी विचारलं.

"मुलीशी फार चांगले. बायकोशी नाही."

"बाई, असं मधलं काही सांगू नका. समितीकडे शिक्के दोनच आहेत." त्यांनी ते दाखवले. 'वंदनीय' अगदी कोरा होता. 'निषेधार्ह'ची कड झिजली होती.

"मग तिसरा करून घ्या ना, साहेब."

"त्यावर लिहायचं काय?"

"चिडका, मायाळू, बायकोची कदर नसलेला, आणि मांडीवरचं मूल न उठवणारा."

"एवढा शिक्का उचलणार कोण?"

जागरूक गृहस्थ उसळले. "मागचं-पुढचं वाचणं म्हणजे पळवाट आहे! शत्रू म्हणाले की नाही म्हणाले?"

"म्हणाले. मीही म्हणते," ती म्हणाली. "आज सकाळी हिने दूध उपडं केलं, तेव्हा म्हटलं, कार्टे, विकून टाकते बघ तुला!"

समितीच्या लेखनिकाची लेखणी चालू लागली.

"विक्रीचा इरादा," तो पुटपुटला.

"निकष सर्वांना समान," अध्यक्ष गंभीरपणे म्हणाले. "आपलीही चौकशी होईल, बाई."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांचा नातू त्याच पाळणाघरात जायचा आणि सध्या आजीच्या जिवावर होता.

"अगं, मग बांधून ठेव त्याला खाटेला!" अध्यक्ष ओरडले. "मी इथे बालकांच्या सन्मानाचं बघतोय!"

लेखणी चालू लागली.

"नातू म्हटलं की हे आलंच," जागरूक गृहस्थ हसले. "आमच्याकडे तर दोन राक्षस आहेत." लेखणीने पान उलटलं.

दिवेलागणीपर्यंत खोलीतला एकूण एक माणूस चौकशीखाली होता. रोज एकमेकांच्या सुनावण्या लागल्या. पाळणाघर बंद, त्यामुळे नातू आला, राक्षस आले, गल्लीतली बाकीची बालकंही आली. आवरायला कुणीतरी हवं म्हणून मावशींना समितीच्या खर्चाने बोलावलं. ती आता ठकीला समितीत सोडते आणि वेळेवर छापखाना गाठते. ठकीचा मुक्काम अध्यक्षांच्या टेबलावर असतो. 'वंदनीय' शिक्का तिने पहिल्याच दिवशी स्वतःच्या पोटावर उमटवला.

तत्त्वज्ञांचा निर्णय तेवढा राहिला आहे. चिडून एकही वाईट वाक्य न बोललेली व्यक्तीच आता तो देऊ शकते. त्यासाठी अर्ज मागवले आहेत. प्रत्येक अर्जावर घरातल्या मुलाची सही लागेल. अजून एकही आलेला नाही.

आज सकाळी ठकीने आईचा चष्मा मोडला. त्यावर ती काय म्हणाली, ते इथे लिहिता आलं असतं. मग मोडका चष्मा नाकावर धरून, ठकीला पोटाशी घेऊन ती कितीतरी वेळ काय पुटपुटत बसली, तेही लिहावं लागलं असतं. पण तिथवर तुम्ही पोचला असतात का? पहिल्याच वाक्याला तुमचा हात शिक्क्याकडे गेला असता.