दाराजवळची जागा

सत्तावीस वर्षं ताश्कंदची ट्राम चालवलेल्या माणसाला ट्रामच्या संग्रहालयात कोण अडवणार? पाय गेले म्हणून काय झालं, हात शाबूत आहेत. मी बायकोला, मुकद्दसला, ठणकावून सांगितलं, "आज माझ्या जुन्या गाडीत चालकाच्या जागेवर बसणार आणि घंटा वाजवणार."

"आईलाही नेऊ या," ती म्हणाली. "एक्क्याण्णव वर्षांची झाली. घराबाहेर पडत नाही बिचारी."

"ती येणार असेल तर मी घरीच बरा." सासूबाईंना जावई डॉक्टर हवा होता. गेली वीस वर्षं आमचं बोलणं नाही.

संग्रहालयाच्या आवारात मुकद्दसनं ढकललेली माझी चाकांची खुर्ची झकास पळाली. गाडी दिसली आणि भरून आलं. तीन पायऱ्या, पुढचं दार, आणि दाराला लागूनच माझी जागा. शेजारी एक नवरा-नवरी फोटो काढत होते. त्यांच्या वऱ्हाडातल्या चौघांना म्हटलं, "जरा हात द्या."

चौघांनी मला उचललं. माझी जागा आली, आणि मागे पडली!

"अहो, इथेच. दाराजवळच."

"भलतंच काय, ओता?" एकानं मला आजोबाच करून टाकलं. "दाराशी सुना बसतात, पोरंटोरं बसतात. थोरांची जागा आत."

आमच्याकडे मानाची जागा दारापासून सर्वांत लांब, हे मला का माहीत नाही? पण ते घरात, ट्राममध्ये नाही. "खरंच सांगतो, मला दारच हवंय."

"बघा, किती नम्र माणूस," दुसरा म्हणाला.

इथेच घोटाळा झाला. मानाच्या जागेला पाहुण्यानं दोन-तीनदा नको म्हणायचं, ही आमची रीत. मी नऊ वेळा म्हणालो. प्रत्येक नकाराला मी एक बाकडं आत! शेवटी अगदी मागच्या बाकावर बसवून त्यांनी पाठीशी उशी दिली. माझी खुर्ची खाली राहिलेली, त्यामुळे पळायचीही सोय नाही.

"मी ही गाडी चालवायचो," मी कळवळून म्हणालो.

"मग तर तुम्ही मुख्य पाहुणे," असं म्हणून त्यांनी चहा मागवला. नवरीनं वाकून आशीर्वाद मागितला. तोही दिला, न देऊन करतो काय?

तेवढ्यात घंटा वाजली. माझी घंटा. मान उंचावून पाहतो तर माझ्या जागेवर मुकद्दस.

"अहो," तिनं तिथूनच विचारलं, "हे बटण कसलं?"

मला अक्षरशः रडू आलं. पाच वाजता संग्रहालय बंद झालं, तेव्हा त्या चौघांनी मला तितक्याच मानानं खाली उतरवलं, तेही मागच्या दारानं.

घरी आल्यावर रात्रभर विचार केला. माझ्याहून वयानं थोर माणूस बरोबर असेल, तरच आतली जागा त्याला देऊन मला दाराशी बसू देतील. सकाळी उठून, वीस वर्षांनी, सासूबाईंना फोन लावला.

"आई, रविवारी ट्राम बघायला येता?"



"येते," त्या म्हणाल्या. "पण मला दाराजवळ बसव. आत बसलं की मला गाडी लागते."