नारायणशेठांचा भुंगा

माझ्यासारख्याने कुणाविषयी लिहायला बसावे, हे मला स्वतःलाच अजून पटलेले नाही. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वडिलांचे तरुणपण तीर्थपुरीच्या माळावर मेंढरांमागे गेले. तेव्हा चुकलेमाकले वाचकांनी पोटात घालावे. पण जुन्या जालन्यात आमच्या शेजारी राहणारे कापडवाले नारायणशेठ भिंतीशी बोलत असत, आणि हे कुणीतरी लिहून ठेवायला हवे, असे मला फार दिवस वाटते आहे.

त्या भिंतीपलीकडे वासुदेवबुवा कीर्तनकार राहत. दोघे बाळपणचे मित्र, आणि दोघांचा अबोला. बुवांनी एकदा कीर्तनात गज आखूड धरणाऱ्या कापडवाल्याचा दृष्टांत दिला आणि सगळी सभा वळून नारायणशेठांकडे बघू लागली. तेव्हापासून बोलणे बंद. फारच अडले तर शेठ म्हणत, "ए भिंती, त्याला सांग, तुझ्या मोरीचं पाणी आमच्या अंगणात येऊन राह्यलंय."

पलीकडून बुवा आपल्या तुळशीला सांगत, "तुळशीमाय, त्याला म्हणावं, पाणी उताराकडंच जात असतं."

मोरी मात्र दुसऱ्या दिवशी दुरुस्त झालेली असे.

शेठांना नाद यंत्रांचा. दुकानात एका बाजूला धोतरजोड्या, दुसऱ्या बाजूला पोट उघडलेले रेडिओ. विजेची तारही ते गजानेच मोजत. गिऱ्हाईक खोळंबले तर म्हणत, "थांब जरा. सायन्स बिलकुल सोपं हाय, माणसंच गाठीची असतात." गिऱ्हाईक थांबत नसे.

त्या वर्षी बुवा विषमज्वरातून उठले, पण आवाज गेला तो गेलाच. बोलत ते समोर बसलेल्यालाच ऐकू येई. देवळाच्या पंचांनी ठरवले, की रामनवमीच्या उत्सवात पहिल्या दिवशी बुवांचे शब्द मागच्या माणसापर्यंत पोचले तर ठीक. नाहीतर कीर्तनाची गादी दुसऱ्या बुवांना द्यायची. हे कानावर आले त्याच दिवशी शेठांनी दुकानाच्या निम्म्या फळ्या लावून टाकल्या.

भाड्याने मिळणारा मायक्रोफोन ओरडणाऱ्याचाच आवाज घेई. शेठांनी हैदराबादेहून एक जुना मायक्रोफोन आणला आणि बारीक आवाज मोठा व्हावा म्हणून रेडिओचा काचेचा व्हॉल्व्ह त्याच्याच पोटात बसवला. सगळ्यावर पितळेचा डबा. इंग्रजी पुस्तकातला मजकूर वाचायला मला बसवले.

"ए कालेज, इथं काय लिहून राह्यले?"

मी भीत भीत अर्थ सांगे. त्यातला निम्मा चुकीचा असावा. तरीही यंत्र तयार झाले. शेठ त्याच्यापुढे नुसते हळूच खाकरले, तर समोरच्या आडतीतला आडत्या बाहेर येऊन म्हणाला, "शेटजी, सर्दी झाली का?" शेठ भर रस्त्यात नाचले.

कचेरीतून इजाजत मिळाली, देवळात नवी वीज आलेलीच होती. पण पुजाऱ्यांनी यंत्र दारातच अडवले. "ह्याला सतरा जणांचे हात लागलेत. देवापुढं सोवळ्यात पाहिजे."

यात शेठ अडतात होय! दुकानातले सगळ्यात अस्सल रेशीम फाडून त्यांनी तिपदरी आंगडे शिवले आणि यंत्राला नेसवले. "नवरदेवाला मिळणार न्हाई असं कापड हाय," असे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते.

उत्सवाच्या पहिल्या दिवशी दुपारीच कळ दाबली, आणि कर्ण्यातून आवाज आला, "घूंऽऽऽ."

"भुंगा!" शेठ ओरडले. "भुंगा शिरला!"

दुकानात नव्हता तो भुंगा देवळात आला कुठून? शेठांनी व्हॉल्व्ह बदलला. तारा लांब नेल्या. व्हॉल्व्हची वात तापवायला भिंतीतली वीज सोडून मोटारीची बॅटरी लावली. भुंगा तसाच. मग त्यांनी देवळातले दिवे विझवले, घंटेला फडके बांधले आणि शेवटी मला म्हणाले, "कालेज, तू पायरीखाली उतर. तुझ्या अंगात इंग्रजी हाय."

मी उतरलो. भुंगा गेला नाही.

लोक जमू लागले. पंचांतले म्हातारे आबाराव म्हणाले, "शेटजी, यंदा भुंगाच कीर्तन करणार का? गळा चांगला हाय त्याचा!" सभा हसली. बुवा खाली मान घालून चिपळ्यांची दोरी सोडत आणि बांधत बसले होते.

शेठांना घाम फुटला. माणूस घाबरला की आपल्या सवयीकडे वळतो. शेठांनी यंत्राच्या आंगड्याचा काठ अंगठा आणि बोटात धरून पोत बघितला. आतले बोट पितळेला लागले आणि भुंगा गप्प झाला. बोट काढले, घूंऽऽ. लावले, गप्प.

"अरे देवा," शेठ म्हणाले. "माझंच रेशीम आडवं आलं!"

मग मला कळले. डब्यातली भटकी वीज जमिनीत जावी म्हणून एक तार चिमट्याने डब्याला लावायची असते. रेशमाला भोक पडू नये म्हणून शेठांनी चिमटा रेशमावरूनच लावला होता. रेशमातून वीज जात नाही. तिपदरी अस्सल रेशमातून तर नाहीच नाही.

"छेद देऊ का?" त्यांनी विचारले.

पुजारी दचकले. "छेदाचं वस्त्र सोवळ्यात चालत न्हाई."

"आणि तांब्याला विटाळ हाय का?"

"तांब्याला कशाचा विटाळ?"

"मंग झालं!"

त्यांनी उघड्या तांब्याच्या तारेचे वेढे रेशमाच्या आतून पितळेवर घट्ट आवळले. तारेचे दुसरे टोक काठाखालून काढून, अभिषेकाचे पाणी मुरते तिथल्या ओल्या मातीत तांब्याच्या पत्र्यासकट पुरले. कळ दाबली. कर्ण्यात इतकी शांतता, की बुवांचा श्वास सभेला ऐकू आला.

बुवा उभे राहिले. "श्रीराम," इतकेच म्हणाले. तो घोगरा, थकलेला आवाज सभामंडप ओलांडून पायऱ्यांवर, पायऱ्यांवरून रस्त्यावर गेला. टांगेवाल्याने घोडा थांबवला. आबारावांनी आधी सगळ्यात मागच्या रांगेत जाऊन पाहिले, मग तिथेच मांडी घातली.

शेठ मात्र पुढे नव्हते. खांबाआड, डोळे मिटून बसले होते. मी धीर करून विचारले, "काका, तुमचा तर अबोला ना?"

"अबोला बोलण्याचा असतो, येड्या. ऐकणं कुठं सोडलं मी?" मग म्हणाले, "बायको गेली, पोरगी सासरी गेली. संध्याकाळी भिंतीपल्याड हा गाऊन राह्यला, की मला एकट्याला जेवण जायचं. हा आजारी पडला तवापासून घर मुकं झाल्तं रे."

दुसऱ्या दिवशी पंच बसले. शेठ दुकानात होते, पण गिऱ्हाइकाला मांजरपाट म्हणून मलमल फाडून देत होते. निकाल काही येईना. दुपार कलली तेव्हा कुठे पुजारी आले.

"गादी बुवांचीच. पंच राजी हायेत, पण बुवाच अडून बसलेत."

"आता काय झालं त्याला?"

"म्हणतात, यंत्रापाशी नारायण बसला तरच मी उभा राहीन."

शेठांनी गज खाली ठेवला. "बराबर. मंग त्याला म्हणावं—"

"मी कशाला सांगू?" पुजारी बाजूला सरकले. "तुमच्या पायरीशी उभे हायेत ते. तुम्हीच बोला."