पहिल्या ठोक्यातले रहिवासी

रेगे संगीतातल्या जुन्या गाण्यांत चार ठोक्यांतला पहिला रिकामा सोडलेला असतो, आणि त्या रिकाम्या ठोक्यात मेलेली माणसं राहतात. नलिनी उजागरे यांचे यजमान सॅम्युएल सात वर्षांपूर्वी अशाच एका गाण्यात राहायला गेले. गाणं जमैकातलं, पन्नासेक वर्षांपूर्वीचं, त्यांच्या आवडीचं. संध्याकाळी चहा झाला की नलिनीबाई ती तबकडी लावत. ड्रम थांबे, आणि तेवढ्याशा जागेत सॅम्युएल घसा साफ करत. बाईंना ते पुरे होतं.

जुलैत नोटीस आली. सदर गाण्याचं इलेक्ट्रॉनिक रिमिक्स होणार असल्याने चारही ठोके भरण्यात येतील. रहिवाशांची पर्यायी सोय नातेवाइकांनी पंधरा दिवसांत करावी, अन्यथा त्यांना प्रतिध्वनीत सोडण्यात येईल.

प्रतिध्वनीत माणूस दर खेपेला थोडा कमी होतो. शेजारच्या डेव्हिडकाकांचं तसंच झालं होतं. शेवटी शेवटी नुसती त्यांची चप्पल ऐकू यायची.

सुनावणीला लोंढे नावाचे कारकून होते आणि रिमिक्स करणारा धारप होता. तो बाईंना बघून उठून उभा राहिला.

"तुमचं म्हणणं काय, बाई?" लोंढ्यांनी विचारलं.

"पहिला तेवढा सोडा. बाकी काय हवं ते करा."

"मावशी, पहिल्यावर ठोका नसला तर लोक नाचणार कसे?" धारप अजिजीने म्हणाला. "पाय कुठे टाकायचा तेच कळत नाही त्यांना."

"आमचे हे नाचायचे. आमच्या लग्नात माझ्या आत्याचा अंगठा चेचला, पण नाचायचे."

"म्हणजे बघा."

लोंढ्यांना हसू आलं. त्यांनी लगेच फाइलमध्ये डोकं घातलं.

"माझ्या घरची तबकडी तर तशीच राहील ना?" बाईंनी विचारलं.

"तबकडी राहील," लोंढे म्हणाले. "वाजेलही. पण प्रती कितीही असल्या तरी ठोका एकच असतो. इकडे भरला की तिकडे कुणी राहत नाही."

"मग तबल्याच्या तीनतालातली खाली? तो ठोकाही रिकामाच म्हणतात ना?"

"तिथे अकरा वर्षांची वेटिंग आहे. आणि ती नावाचीच खाली हो, तबला वाजतोच तिथे. मागे एक गृहस्थ गेले होते, महिन्यात बाहेर पडले."

"कुठे गेले?"

"त्याची नोंद नाही." लोंढ्यांनी पान उलटलं. "तुमचा स्वतःचा काही ठोका आहे का? चारचा, रोजच्या वापरातला?"

बाईंनी थोडा विचार केला. "मी शाळेत कवायत घेते."

लोंढ्यांनी पेनाचं टोपण काढलं. "मुलं किती?"

"साडेतीनशे."

"पहिला सोडाल?"

"सोडीन."

"कायमचा, बाई. तिथे माणूस राहणार. त्यावर एकाचाही पाय पडता कामा नये. आणि एक दिवसही खंड चालणार नाही."

"सुट्टीच्या दिवशी मी एकटी करीन."

लोंढ्यांनी तसं लिहून घेतलं. परवानगीच्या पत्रावर सही झाल्यावर धारप म्हणाला, "मावशी, राग नाही ना?"

"तू तुझं काम कर, बाबा."

सोमवारी बाईंनी मैदानावर मुलांना सांगितलं की आजपासून पहिल्या ठोक्याला पाय वर धरायचा आणि दोनवर खाली ठेवायचा. मुख्याध्यापिका शिरसाठबाईंनी विचारलं, "पहिल्याला काय झालं?"

"ती जागा दिलेली आहे."

शिरसाठबाईंनी परवानगीच्या पत्राची प्रत मागून घेतली आणि फाइलला लावली.

मंगळवारपर्यंत काहीच ऐकू आलं नाही. बाईंना दोन रात्री झोप नव्हती. बुधवारी साडेतीनशे पाय हवेत असताना मैदानाच्या मधोमध कुणीतरी घसा साफ केला. मुलांनी मान वळवली नाही. बाई "दोन" म्हणाल्या.

पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता त्या ठरल्याप्रमाणे एकट्या शाळेत गेल्या. फाटक उघडं होतं. साडेतीनशे मुलं रांगा धरून उभी होती. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. सगळ्यांचा उजवा पाय वर होता.

बाईंनी शिट्टी ओठांशी नेली.

"बाई," पुढच्या रांगेतली मुलगी हलक्या आवाजात म्हणाली, "ते झोपलेत अजून."

बाईंनी शिट्टी खाली केली. मुलांकडे एकदा पाहिलं. कुणाचाही पाय थरथरत नव्हता. मग त्या रांगेच्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनीही उजवा पाय उचलला.