कासारेभाऊंचा विरोधी पक्ष

आमच्या गल्लीत रस्ता खणायला माणसं आली की सगळी बिल्डिंग खिडकीत येऊन शिव्या घालते. एकटे कासारेभाऊ चहाची किटली घेऊन खाली उतरतात. "आले, आले!" असं म्हणतात, जसं काही लग्नाचं वऱ्हाडच आलंय. मागच्या खेपेला मात्र माणसांच्या ऐवजी जेसीबी आला. भाऊ किटली घेऊन त्याच्यापुढे आडवे उभे राहिले.

ड्रायव्हर म्हणाला, "चाचा, साइड में हो जाओ. गड्ढा करना है."

"करो ना गड्ढा! लेकिन आदमी से करो. मशीन शाम को बाजार जाके भाजी खरीदेगी क्या?"

ड्रायव्हरनं मशीन बंद केलं, फोन लावला आणि साहेबाला सांगितलं, "सर, इधर एक पागल आदमी है. लेकिन बात सही बोल रहा है."

तर हे कासारेभाऊ. माझ्या वरच्या मजल्यावर राहतात. सरकारी गोदामात कारकून होते, आता रिटायर. चाळीस वर्षं एकाच पक्षात आहेत आणि पक्षानं चाळीस वर्षांत त्यांना एक शाखा सोडून काही दिलेलं नाही. पक्षाचं नाव सांगत नाही, सांगून तुम्हाला आठवणारही नाही. डावा पक्ष आहे, पण फार डावा नाही. आमच्याकडचे रिक्षावाले कसे डावीकडचा इंडिकेटर देतात आणि सरळ जातात, तसा.

मी चौथी शिकलेला माणूस. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांना पॉलिश मारण्यात आयुष्य गेलं. छाती उघडली तर एखादा पेला निघेल. अर्थशास्त्र हा शब्द मला कासारेभाऊंनी शिकवला. नसता शिकवला तरी चाललं असतं.

त्यांचं म्हणणं मला कळलं ते असं. विलायतेत कुणी एक साहेब होऊन गेला. तो म्हणाला, मंदी आली की लोक घाबरून पैसा धरून बसतात. मग दुकान बसतं, कारखाना बसतो, आणि कामगार तर आधीच घरी बसलेला असतो. अशा वेळी सरकारनं खर्च करायचा. नसेल तर उसना काढून करायचा. "मोरे," भाऊ मला म्हणतात, "तुमचा खर्च म्हणजे दुसऱ्याची कमाई. विसरू नका."

विसरणार कसा? दिवसातून चार वेळा ऐकतो. आणि नुसतं बोलत नाहीत हो, माणूस तसा वागतो. कोथिंबिरीच्या दोन जुड्या दोन बायकांकडून घेणार, म्हणजे दोघींची भवानी होते. घरात रेझर आहे, पण दाढी नाक्यावरच करणार. चप्पल शिवून शिवून अशी झालीय की त्यातलं मूळचं काय आहे ते मोच्यालाही सांगता येणार नाही. मी म्हटलं, "भाऊ, नवी घ्या की." तर म्हणाले, "नवीत आमच्या मोच्याला काय?" मी म्हटलं, "मग पायाला काय?" त्यावर त्यांनी उपसूचना मांडली.

हे उपसूचना प्रकरण सांगायला हवं. पक्षात राहून राहून त्यांना सवय लागलीय. कुणी काही म्हणालं की आधी उपसूचना. दूधवाला म्हणाला, उद्या उशीर होईल. भाऊ म्हणणार, "उपसूचना आहे. 'उशीर होईल'च्या जागी 'उशीर होऊ शकतो' असं घ्या." दूधवाला आता आमच्या जिन्यात बोलतच नाही. पिशवी टाकून पळतो.

माझी बायको सुमन गेली, त्याच्या दुसऱ्याच महिन्यात भाऊ खाली आले. म्हणाले, "मोरे, शाखेच्या गाळ्याचं भाडं परवडत नाही. तुमचा हॉल रिकामाच असतो."

मला राग आला. मी म्हटलं, "भाऊ, माझी बायको मेलीय. मी सभागृह उघडलेलं नाही."

"म्हणूनच म्हणतोय," असं बोलून ते वर गेले आणि प्लॅस्टिकच्या चार खुर्च्या घेऊन आले. मलाही न विचारता सभासद करून टाकलं, कारण कोरमला पाच माणसं लागतात आणि एक कमी पडत होता. एक अध्यक्ष, म्हणजे भाऊ. दुसरे नया नगरचे इब्राहिमभाई टेलर, जे ठराव वाचायला सुरुवात झाली की डोळे मिटतात आणि मतदानाला बरोबर उघडतात. तिसरे चेण्याचे पाटील. त्यांचं मत कुठल्याही विषयावर एकच असतं, "दोगांचा बी बरोबर हाय." चौथा मी. आणि पाचवी मीनल.

मीनल म्हणजे भाऊंची मुलगी. एकुलती एक. आई ती कॉलेजात असतानाच गेली. मुलगी हुशार निघाली, बँकेत मोठ्या जागेवर गेली, घोडबंदरच्या बाजूला टॉवरमध्ये घर घेतलं. पक्ष तिनं सोडला नाही, पण तिचं अर्थशास्त्र वेगळं. ती म्हणते, सरकारनं सगळं अंगावर घ्यायचं नसतं. खाजगीवाल्यांना चालवू द्या, सरकारनं नजर ठेवावी. उसन्यावर किती दिवस चालणार? भाऊ याला नवउदारमतवाद म्हणतात आणि हा शब्द उच्चारला की त्यांना दात कोरावेसे वाटतात.

मीनलनं बापाला राहायला बोलावलं होतं. भाऊ गेले, एक रात्र राहिले. सकाळी खाली येऊन बघतात तर सोसायटीत पाण्याचा टँकर. दुपारी बॅग घेऊन परत. "पाणी विकत घेतात, मोरे! उद्या हवेचे हप्ते भरतील." मीनल फोनवर एवढी ओरडली की मला खाली ऐकू आलं. "तुम्ही माझ्या घरी राहणार नाही ना? मग मीपण तुमच्या घरी पाय ठेवणार नाही!" आणि खरंच, तिनं तो जिना पुढे चढलाच नाही. फक्त रविवारी दहा वाजता माझ्या हॉलमध्ये यायची. शाखेची सभासद म्हणून.

ती बैठक बघण्यासारखी. बाप समोर, मुलगी समोर, पण भाऊ तिला म्हणणार "सन्माननीय सदस्या" आणि ती म्हणणार "अध्यक्ष महोदय". विषय एकच, महापालिकेच्या निवडणुकीच्या जाहीरनाम्यात घालायचा ठराव. आमच्या मागचा दवाखाना पालिकेनंच चालवावा, डॉक्टर, नर्स, सफाईवाले सगळे कायम नोकरीत घ्यावेत, हे भाऊंचं. तो खाजगी संस्थेला चालवायला द्यावा, पालिकेनं गरिबांना कार्ड द्यावं, हे मीनलचं. शाखेचा नियम असा की ठराव एकमतानं झाला तरच वर पाठवायचा. एक हात जरी विरोधात गेला तरी पुढच्या रविवारी पुन्हा. नियम भाऊंनीच केलेला. सहा महिने तेच चाललं होतं.

"तूट कोण भरणार, अध्यक्ष महोदय?"

"नर्सला पगार मिळाला की ती बाजारात जाईल, बाजार चालला की कर येईल, सन्माननीय सदस्या!"

"कर येईपर्यंत नर्स रिटायर होईल."

"दोगांचा बी बरोबर हाय," पाटील.

एकदा भांडण ऐन रंगात असताना मीनल उभी राहिली. "माहितीचा मुद्दा! अध्यक्षांनी बीपीची गोळी घेतली का, हे सभागृहाला कळावं."

भाऊ लाल झाले. "हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर नाही."

"म्हणजे नाही घेतली."

इब्राहिमभाईंनी डोळे न उघडता सांगितलं, "ले लो भाऊ, नहीं तो ठराव पास हो जाएगा और आप नहीं रहोगे."

मग परवाचा रविवार आला. मीनल आली, चप्पल काढली, बसली आणि म्हणाली, "अध्यक्ष महोदय, मी विरोध मागे घेते."

इब्राहिमभाईंनी मतदानाच्या आधीच डोळे उघडले.

ती म्हणाली, "आमच्याकडे काम करतात त्या बाईंचा हात कापला. खाजगीत नेलं तर आधी पैसे भरा म्हणाले. शेवटी इथं मागच्या दवाखान्यात आणलं. नर्सनं आधी टाके घातले, नाव नंतर विचारलं. तुमचं बरोबर होतं बाबा." बैठकीत ती पहिल्यांदा बाबा म्हणाली.

मला वाटलं, भाऊ आता नाचतील. सहा महिने लढून माणूस जिंकला होता. पण ते कागद खालीवर करत बसले. मग म्हणाले, "अशी घाई नको, सन्माननीय सदस्या. तुमचा तो तुटीचा मुद्दा?"

"सोडला."

"असा कसा सोडला? चांगला मुद्दा होता! आणि खाजगीत शिस्त असते, वेळेवर उघडतं, असं तुम्ही म्हणाला होतात. त्यात तथ्य आहे. मी स्वतः त्यावर विचार करतोय."

पाटलांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

मीनल हसली. "बाबा, तुम्ही माझ्याच बाजूनं कशाला भांडताय? झालं ना एकमत! निवडणूक लांब आहे, ठराव तयार आहे, आता सगळ्यांचे रविवार मोकळे."

"हो," भाऊ म्हणाले. "मोकळे." आणि चष्मा काढून सदऱ्याला पुसायला लागले. काच झिजेल इतका वेळ पुसत राहिले.

मला राजकारण कळत नाही, पण हे कळलं. माझं आणि सुमनचं अडतीस वर्षं पंख्यावरून भांडण होतं. तिला तीनवर पाहिजे, मला पाचवर. उठून उठून बटण फिरवायचो दोघंही. आता पाचवर असतो. कुणी उठत नाही. मी पांघरूण घेऊन पडतो, पण कमी करत नाही.

भाऊ म्हणाले, "ठरावाच्या विरोधात?" असं हळू विचारलं की विचारलं नसतं तरी चाललं असतं.

मी हात वर केला.

"मोरेकाका!" मीनल ओरडली. "तुमचा विरोध? कशाला?"

"मला समजला नाही ठराव."

"कुठला भाग?"

"सगळाच. ती मागणी कशी वाढते, ती तूट कशी येते, काही कळलं नाही. चौथी शिकलोय मी. न समजता ठरावाला हो म्हणणार नाही."

मीनलनं माझ्याकडे बघितलं. मग बापाकडे. ते अजून चष्माच पुसत होते. तिनं डायरी उघडली आणि लिहिता लिहिता म्हणाली, "मग पहिल्यापासून समजावून सांगावं लागेल काका. वेळ लागेल."

"लागू दे," मी म्हटलं. "मला कुठं जायचंय?"

सगळे गेल्यावर भाऊ माझ्यावर जिन्यात तुटून पडले. सहा महिन्यांची मेहनत पाण्यात घातली म्हणाले. अडाणी म्हणाले, प्रतिगामी म्हणाले, असल्या सभासदांमुळेच पक्ष बुडाला म्हणाले. वरच्या मजल्यावरची कुलकर्णीण दार उघडून बघायला लागली. तिनं दार लावल्यावर भाऊ दोन पायऱ्या खाली उतरून माझ्याजवळ आले, माझ्या दंडाला धरलं आणि आवाज बारीक करून विचारलं,

"मोरे, त्याच्या पुढच्या रविवारी तुम्हाला काय समजणार नाहीये?"