दृश्य वगळून घर

रिओसमोर, खाडीच्या या काठावर असलेल्या निटेरॉय शहरात घरांच्या दोनच जाती आहेत. समुद्र दिसतो ते घर, आणि दिसत नाही ते बिऱ्हाड. आमच्या इमारतीचा रीतसर निवडून आलेला व्यवस्थापक या नात्याने, सातव्या मजल्यावर जे घडले ते निःपक्षपातीपणे सांगणे माझे कर्तव्य आहे.

आरिस्तेऊ आणि त्यांची बायको दोना, म्हणजे बाई, इवोनेते हे जोडपे वर्षानुवर्षे एका मागच्या खोलीत राहत होते. तिची खिडकी शेजाऱ्यांच्या सांडपाण्याच्या पाइपावर उघडे. दोना इवोनेतेंचे मागणे एकच होते: भांडी घासताना समुद्र दिसावा. समुद्राचे घर मात्र ऐपतीबाहेरचे. तेव्हा वांदेर्लेई नावाच्या दलालाने मार्ग काढला.

आमच्याकडे घरावरचा स्लॅब वेगळा विकण्याची रीत आहे. खाली मावशी राहते, तिच्या स्लॅबवर भाचा घर बांधतो, आणि भाच्याच्या डोक्यावर कोणी तिसराच संसार थाटतो. वांदेर्लेईचे म्हणणे असे की डोक्यावरचे विकता येते, तर डोळ्यांसमोरचे का नाही? म्हणून सातव्या मजल्यावरचे समुद्राचे घर या जोडप्याने घेतले आणि दृश्य घेतले सेऊ, म्हणजे श्रीयुत, ओसोरिओ या निवृत्त कारकुनाने.

"खिडकी तरी आमचीच ना?" दोना इवोनेतेंनी विचारले.

"काच तुमची, दोना. पलीकडचं त्यांचं. पुसायची मात्र तुम्ही."

कोण बघायला येतंय, असे जोडप्याला वाटले. मांजर डोळे मिटून दूध पिते. यांना चोरी डोळे उघडे ठेवूनच करायची होती. पण सेऊ ओसोरिओ दर रविवारी बहीण आणि दोन जावयांसह हजर होत आणि यांच्याच सोफ्यावर बसून समुद्र बघत. घरी आलेल्याला कॉफी दिल्यावाचून पाठवणे आमच्यात पाप आहे. कॉफी पिऊन त्यांनी माझ्याकडे तक्रार केली: बाई कपडे वाळत घालताना दृश्य वापरतात.

मी सभा बोलावली. 'दिसणे' क्षम्य आहे, 'पाहणे' नाही, असा निर्णय बहुमताने झाला. मोह टाळण्यासाठी भांडी घासायचे सिंक समोरच्या भिंतीला हलवण्यात आले, अर्थात यांच्याच खर्चाने.

"घर माझं, खरकटं माझं, आणि समुद्राकडे पाठ करून घासू?" दोना इवोनेते मला म्हणाल्या. "विचारा त्यांना, विकता का."

सेऊ ओसोरिओ तयार झाले, पण भाव चढला होता. त्यांच्या मते दृश्यात आता बाईंची इच्छाही मिसळली होती आणि ती ते फुकट देणार नव्हते.

मग आरिस्तेऊंनी खाडीपलीकडे रिओत दिवसाच्या नोकरीला जोडून संध्याकाळची दुसरी नोकरी धरली. दोना इवोनेतेंनीही तिकडेच एका दवाखान्यात काम पत्करले. दोघे पहाटेच्या बोटीने जात आणि अंधार पडल्यावर परतत. काही वर्षांनी समुद्र एकदाचा त्यांच्या नावावर झाला. सिंक खिडकीशी परत आले.

पहिल्या रविवारी मी अभिनंदनाला गेलो होतो. दोना इवोनेतेंनी खुर्ची खिडकीशी ओढली, बसल्या, आणि कॉफी निवायच्या आत घोरू लागल्या. खरे सांगतो, मला वाईट वाटले. एवढ्यात सवयीने सेऊ ओसोरिओ आले. मी त्यांना नियम सांगू लागलो, तर आरिस्तेऊंनीच मला अडवले.

"बसू द्या त्यांना," ते जांभई देत म्हणाले. "कुणीतरी बघायला हवं. नाहीतर घेतलं कशाला?"

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बोटीत दोना इवोनेते माझ्या शेजारी होत्या. खाडीच्या मधोमध उजाडले. दोन्ही बाजूंना समुद्र होता, अजून कोणी न विकलेला.

"दोना, बाहेर बघा," मी म्हणालो.

"थांबा हो," त्या मोबाइलमधून डोके वर न काढता म्हणाल्या. "वांदेर्लेईनं डोंगराचं दृश्य पाठवलंय. स्वस्तात जातंय."

अख्खी बोट माना खाली घालून जाहिरातींतल्या खिडक्या न्याहाळत होती. मग मीही मान खाली घातली. आणि तुम्ही तरी इथवर मान कुठे वर केलीत? आता करा, आणि समोर जे दिसेल ते कुणाच्या नावावर आहे तेवढे आधी विचारून घ्या.